एक पाय टेनंटकडे, एक पाय आपल्याकडे: ओपनस्टॅकच्या लोड बॅलन्सरचं प्रकरण

मल्टि-टेनंट क्लाउडमध्ये, म्हणजे अनेक ग्राहक (टेनंट) त्याच यंत्रांवर राहतात अशा क्लाउडमध्ये, टेनंटला नुसती व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) देऊन भागत नाही. राउटर, डीएचसीपी (आयपी पत्ते देणारी सेवा), फायरवॉल, लोड बॅलन्सर (आलेल्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारा) हेही द्यावं लागतं आणि ते कुठल्यातरी यंत्रावर चालवावं लागतं. यंत्र क्लाउडवाल्याचं, रहदारी टेनंटची. या सेवा नेटवर्क नोडवर (नेटवर्कच्या कामांसाठी ठेवलेल्या सर्व्हरवर) साध्या प्रोसेस म्हणून चालवायच्या, की प्रत्येकीसाठी वेगळी व्हीएम उभी करायची? या प्रश्नाची तड ओपनस्टॅक या मुक्त क्लाउड सॉफ्टवेअरच्या लोड बॅलन्सरमध्ये लागली आणि ती उघड्यावर लागली. कोड, डिझाइनचे कागद, घेतलेले आणि नंतर मागे घेतलेले निर्णय, सगळं कुणालाही वाचता येतं. म्हणून अभ्यासाला हे प्रकरण घेतलं.

माझं मत आधीच सांगतो. व्हीएमकडे जाण्याचा निर्णय योग्य होता. त्याची किंमत लोक मेमरीत आणि वेगात मोजतात, ती मला दुय्यम वाटते. खरी अडचण अशी की सेवा चालवणाऱ्या प्रत्येक व्हीएमचा एक पाय टेनंटच्या नेटवर्कमध्ये असतो आणि दुसरा आपल्या मॅनेजमेंट नेटवर्कमध्ये, म्हणजे क्लाउडवाल्याच्या नियंत्रणाच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये. पुढचं जवळजवळ सगळं डिझाइन या एका गोष्टीला तोंड देण्यासाठी आहे, आणि पुढची बहुतेक दुखणीही तिथूनच येतात.

आधीची मांडणी

ओपनस्टॅक २०१० मध्ये रॅकस्पेस आणि नासा यांनी मिळून सुरू केलं. त्यातल्या नेटवर्कच्या प्रकल्पाचं नाव आधी क्वांटम होतं, नंतर न्यूट्रॉन झालं. एप्रिल २०१३ च्या ग्रिझली आवृत्तीत टेनंटला एपीआयवरून (प्रोग्रॅममधून मागणी करायची सोय) लोड बॅलन्सर मागता येऊ लागला. आतली यंत्रणा अगदी सुटसुटीत होती. नेटवर्क नोडवरचा एजंट लिनक्सचा एक नेटवर्क नेमस्पेस (बाकीच्यांपासून वेगळा ठेवलेला नेटवर्कचा कप्पा) तयार करायचा, त्यात व्हर्च्युअल आयपी लावायचा आणि आत एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सिंगच्या प्रोग्रॅमची एक प्रोसेस सुरू करायचा. खर्च काही एमबी मेमरीचा, वेळ फार तर सेकंदाचा. न्यूट्रॉनचे राउटर आणि डीएचसीपी तर आजही कितीतरी ठिकाणी याच पद्धतीने नेमस्पेसमध्ये चालतात आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

मग लोड बॅलन्सरचंच काय बिघडलं? राउटर पॅकेट पाहतो आणि पुढे ढकलतो, ते कामही कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) करतो. लोड बॅलन्सर टेनंटच्या ग्राहकाने पाठवलेली एचटीटीपी विनंती वाचतो, हेडर तपासतो, टीएलएस (एचटीटीपीएसचं कूटबद्धीकरण) उघडतो. म्हणजे इंटरनेटवरून कुणीही पाठवलेला मजकूर पार्स करणारा (तोडून अर्थ लावणारा) मोठा प्रोग्रॅम आपल्या नेटवर्क नोडवर बसलेला असतो. आणि नेटवर्क नेमस्पेस वेगळं करतो ते फक्त नेटवर्क: इंटरफेस, राउटिंग टेबल, आयपीटेबल्स. कर्नल तोच, प्रोसेसची यादी तीच, डिस्क तीच. एचएप्रॉक्सीत रिमोट कोड चालवता येईल असं भगदाड सापडलं, तर हल्लेखोर नेमस्पेसच्या भिंतीला धडकत बसणार नाही; तो शेजारच्या दाराने सरळ होस्टवर जाईल, कारण तिथे भिंतच नाही. त्या होस्टवर दुसऱ्या सगळ्या टेनंटचे राउटर असतात. टीएलएस टर्मिनेशन (टीएलएस लोड बॅलन्सरवरच उघडणं) द्यायचं ठरल्यावर टेनंटांच्या खासगी किल्ल्याही त्याच डिस्कवर येणार होत्या.

दुसरी अडचण शेजाराची. टीएलएस हँडशेक (जोडणीच्या सुरुवातीची किल्ल्यांची देवाणघेवाण) सीपीयूला जड. एका टेनंटवर गर्दी झाली की त्याच नोडवरच्या बाकीच्यांचे लोड बॅलन्सर हळू होतात. त्यात गर्दी करणाऱ्याचा काही दोष नसतो आणि सोसणाऱ्याला कारण कळायचा मार्ग नसतो. तिसरी अडचण नोड पडण्याची: त्यावरचे सगळे लोड बॅलन्सर एकदम जायचे. ज्या सेवेचं कामच एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याकडे वळवणं आहे, तिलाच पर्यायी जोड नव्हती.

लोड बॅलन्सर व्हीएममध्ये चालवणाऱ्या ऑक्टेव्हिया या प्रकल्पाचं काम २०१४ मध्ये सुरू झालं. एप्रिल २०१५ च्या कायलो आवृत्तीत लोड बॅलन्सरचा दुसरा, जास्त नेटका एपीआय आला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या लिबर्टीत ऑक्टेव्हिया ही त्यामागची संदर्भ अंमलबजावणी झाली. २०१७ मध्ये प्रकल्प न्यूट्रॉनपासून वेगळा झाला, फेब्रुवारी २०१८ च्या क्वीन्समध्ये जुनी यंत्रणा कालबाह्य ठरवली गेली आणि २०१९ च्या ट्रेनपर्यंत ती निघून गेली.

एक लोड बॅलन्सर उभा राहतो

टेनंट एपीआयला लोड बॅलन्सर मागतो. एपीआय न्यूट्रॉनकडून व्हर्च्युअल आयपीचा पोर्ट घेतो आणि काम रॅबिटएमक्यू या संदेश-यंत्रणेच्या रांगेत टाकतो. ऑक्टेव्हियाचा वर्कर ते उचलतो आणि नोव्हाला (ओपनस्टॅकचा व्हीएम चालवणारा भाग) सांगतो: अमुक टॅगची इमेज घे आणि व्हीएम बूट कर. या व्हीएमला अँफोरा म्हणतात. नमुना मापं साधी आहेत: एक व्हर्च्युअल सीपीयू, १ जीबी मेमरी, २ जीबी डिस्क.

ही व्हीएम टेनंटच्या प्रोजेक्टमध्ये नसते. ती ऑक्टेव्हियाच्या स्वतःच्या सर्व्हिस प्रोजेक्टमध्ये असते, त्यामुळे टेनंटला ती यादीत दिसत नाही, तिच्यात शिरता येत नाही आणि चुकून पुसताही येत नाही. त्याच्या कोट्यातून तिचे सीपीयूही कापले जात नाहीत. हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. व्हीएम टेनंटच्या प्रोजेक्टमध्ये ठेवली असती, तर तिच्यातल्या प्रमाणपत्रांवर आणि कॉन्फिगवर आपला भरवसा कधीच राहिला नसता.

बूट होताना अँफोराला एकच इंटरफेस असतो, मॅनेजमेंट नेटवर्कचा. कॉन्फिग ड्राइव्हमधून (बूटच्या वेळी जोडलेल्या छोट्या डिस्कमधून) तिला तिचं प्रमाणपत्र, कंट्रोलरची (ऑक्टेव्हियाच्या नियंत्रक सेवांची) ओळख पटवणाऱ्या सीएचं (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र आणि हार्टबीट (‘मी जिवंत आहे’ असे संदेश) कुठे पाठवायचे त्या पत्त्यांची यादी मिळते. वर्कर ९४४३ पोर्टवर तिला हाका मारत राहतो. आतला एजंट उत्तर देऊ लागला की वर्कर टेनंटच्या सबनेटमध्ये आणखी एक पोर्ट तयार करतो, चालू व्हीएमला तो इंटरफेस जोडतो आणि एचएप्रॉक्सीचा कॉन्फिग पाठवतो. व्हर्च्युअल आयपी त्या पोर्टवर ‘परवानगी असलेली पत्त्यांची जोडी’ म्हणून नोंदवलेला असतो. तसं नसतं तर न्यूट्रॉनच्या स्पूफिंगविरोधी (खोटा पत्ता लावलेली पॅकेटं अडवणाऱ्या) नियमांनी ती पॅकेटं टाकून दिली असती.

आता गंमतीचा भाग. टेनंटच्या बाजूचा इंटरफेस आत येताच एजंट तो एका वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये ढकलतो आणि एचएप्रॉक्सी तिथेच चालवतो. म्हणजे ज्या नेमस्पेसमधून बाहेर पडण्यासाठी व्हीएम घेतली, तोच नेमस्पेस व्हीएमच्या आत पुन्हा आला. कारण पक्कं आहे. टेनंट आपल्या नेटवर्कला कुठलीही आयपी रेंज देऊ शकतो. ती आपल्या मॅनेजमेंट नेटवर्कच्या रेंजशी जुळली, तर एकाच राउटिंग टेबलात दोन्ही मावणार नाहीत आणि कंट्रोलरला जाणारं उत्तर टेनंटच्या दिशेने जाईल. शिवाय टेनंटने बॅकएंड (विनंती जिथे पोचवायची तो सर्व्हर) म्हणून मॅनेजमेंट नेटवर्कमधलाच एखादा पत्ता दिला, तर त्या नेमस्पेसमधून तिकडे रस्ताच नसतो. एजंट बाहेरच्या नेमस्पेसमध्ये, एचएप्रॉक्सी आतल्या. दोघांचं बोलणं फाइलसिस्टिमवरच्या युनिक्स सॉकेटमधून होतं. नेटवर्क नेमस्पेस डिस्क वेगळी करत नाही, हा आधी दोष होता. इथे नेमका तोच उपयोगी पडला.

दोन सीए कशाला?

नवीन उभारणी करणारे इथे हटकून कंटाळतात. ऑक्टेव्हिया दोन वेगवेगळ्या प्रमाणपत्र संस्था मागते. एक अँफोरांना प्रमाणपत्रं देते, दुसरी कंट्रोलरला. एकाच सीएने दोन्ही कामं उरकता येतात आणि चाचणीच्या क्लाउडमध्ये तसं चालूनही जातं.

पण एकच सीए असेल तर काय होतं ते बघा. मॅनेजमेंट नेटवर्कवर शेकडो अँफोरा आहेत. नमुना मांडणीतल्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (फायरवॉलच्या नियमांच्या संचात) ९४४३ पोर्ट कुठूनही येणाऱ्या रहदारीला खुला असतो, म्हणजे शेजारच्या अँफोरालाही. समजा एका टेनंटच्या रहदारीतून कुणीतरी एचएप्रॉक्सी फोडला, मग अँफोराचा ताबा घेतला. त्याच्या हाती त्या अँफोराचं प्रमाणपत्र आणि किल्ली आली. शेजारचा अँफोरा कंट्रोलरला ओळखतो तो ‘माझ्या विश्वासातल्या सीएने सही केलेलं प्रमाणपत्र दाखवतोय’ एवढ्यावरच. दोन्हीकडे एकच सीए असेल तर चोरलेलं प्रमाणपत्र दाखवून तो शेजाऱ्याला हुकूम देऊ शकतो: हा कॉन्फिग घे. टेनंटांमध्ये उभारलेली भिंत मागच्या दाराने पडली. सीए दोन असले की चोरलेलं प्रमाणपत्र अँफोराचंच राहतं, कंट्रोलरचं सोंग त्याला घेता येत नाही.

उभारणीच्या घाईत लोक नेमकी हीच पायरी गाळतात. माझ्या मते ही गाळली तर व्हीएमवर केलेल्या खर्चातला निम्मा अर्थ गेला.

हार्टबीटच्या बाबतीत मात्र डिझाइन इतकं कडक नाही. हार्टबीट यूडीपीवर ५५५५ पोर्टला जातो आणि त्यावर एचमॅकची (सामायिक गुप्त किल्लीने केलेली) सही असते, पण सहीची किल्ली सगळ्या अँफोरांमध्ये एकच असते. फुटलेला अँफोरा दुसऱ्याच्या नावाने ‘मी जिवंत आहे’ असं सांगू शकेल. त्यातून होणारं नुकसान मर्यादित आहे, म्हणून ही तडजोड मला समजते. मॅनेजमेंट नेटवर्क कुणाच्या हाती जाऊ शकतं याचा विचार करताना ती लक्षात असलेली बरी.

मेलं कोण, हे कोण ठरवणार?

अँफोरा दर १० सेकंदांनी एक हार्टबीट पाठवतो. यादीतल्या हेल्थ मॅनेजरांपैकी (हार्टबीट ऐकणाऱ्या ऑक्टेव्हियाच्या सेवा) आळीपाळीने एकेकाला तो पाठवतो. एखादा बंद असला तर तेवढेच हार्टबीट वाया जातात. हेल्थ मॅनेजर सही तपासतो, डेटाबेसमधल्या त्या अँफोराच्या ओळीत ‘शेवटचा कधी दिसला’ ती वेळ लिहितो. दुसरीकडे त्याचाच एक धागा दर ३ सेकंदांनी ते टेबल चाळतो आणि ६० सेकंदांपेक्षा शिळी ओळ सापडली की त्या अँफोराला मृत समजून फेलओव्हर सुरू करतो: नवी व्हीएम, नवे पोर्ट, जुनी पुसायची. हे सगळे आकडे मूळ कॉन्फिगचे आहेत, बदलता येतात.

एक व्हीएम किंवा तिचा होस्ट खरोखर गेला, तर ही व्यवस्था चोख काम करते. त्यातही दोन अँफोरांच्या सक्रिय-राखीव मांडणीत टेनंटला ६० सेकंद थांबावं लागत नाही. दोन अँफोरांमध्ये कीपअलाइव्हड हा प्रोग्रॅम व्हीआरआरपी या प्रोटोकॉलने दर सेकंदाला एकमेकांची खबर घेत असतो. सक्रिय गप्प झाला की राखीव साधारण तीन-चार सेकंदांत व्हर्च्युअल आयपी स्वतःकडे घेतो आणि तसं नेटवर्कला जाहीर करतो. कंट्रोलरला त्यात पडावंच लागत नाही. त्याचं काम नंतर सावकाश जोडीदार भरून देण्याचं. जलद निर्णय टेनंटच्या नेटवर्कमध्ये, सावकाश निर्णय आपल्या नेटवर्कमध्ये. ही वाटणी मला या डिझाइनमधली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. दोघेही एकाच होस्टवर बसले तर अर्थातच काही उपयोग नाही. त्यासाठी नोव्हाच्या सर्व्हर ग्रुपमधला अँटी-अफिनिटीचा (दोघांना वेगळ्या होस्टवर ठेवण्याचा) नियम वेगळा चालू करावा लागतो.

आता प्रकरणाचा काळा भाग. अँफोरा ठणठणीत आहेत, टेनंटांची रहदारी सुरळीत आहे आणि डेटाबेस आजारी पडतो. क्लस्टर काही मिनिटं फक्त वाचण्यापुरता उरला किंवा अतिशय मंद झाला. हार्टबीट येत आहेत, पण वेळ लिहिली जात नाही. ऑक्टेव्हियाच्या कोडमध्ये या अवस्थेसाठी लॉगची एक ओळ आहे: आरोग्याचा संदेश फार सावकाश हाताळला गेला, म्हणून तो सोडून दिला, नोंद बदललेली नाही. तिचा शेवट मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘हे चांगलं नाही’ अशा अर्थाच्या शब्दांनी होतो. लिहिणाऱ्याला पुढे काय वाढून ठेवलंय ते पुरतं ठाऊक होतं.

पुढे असं होतं. डेटाबेस सावरतो. त्या क्षणी टेबलातल्या सगळ्याच ओळी ६० सेकंदांपेक्षा शिळ्या असतात. ताजे हार्टबीट नोंदले जाण्याआधी चाळणारा धागा आला, तर त्याला सगळे अँफोरा मेलेले दिसतात. तो एकामागून एक फेलओव्हर काढू लागतो. नोव्हाकडे व्हीएमच्या मागण्यांचा ढीग लागतो, न्यूट्रॉनकडे पोर्टच्या, आणि हे सगळे परत त्याच नुकत्या सावरलेल्या डेटाबेसवर लिहितात. तो पुन्हा मंदावतो, आणखी हार्टबीट चुकतात, आणखी ‘मृत’ सापडतात. एकच अँफोरा असलेल्या लोड बॅलन्सरमध्ये तर चालती सेवा आपण आपल्या हाताने बंद केलेली असते. मॅनेजमेंट नेटवर्क तुटलं तरी चित्र हेच.

इथे कोडमध्ये कसली चूक नाही. कंट्रोलरला टेनंटच्या बाजूचा पाय दिसतच नाही, त्याला फक्त आपल्या बाजूचा दिसतो. आपल्या बाजूचा आजार त्याला त्या व्हीएमचा मृत्यू वाटतो. जुन्या नेमस्पेसच्या मांडणीत हा गोंधळ होऊ शकत नव्हता, कारण तिथे कुणी कुणाला आपोआप मारून नव्याने जन्माला घालत नव्हतं.

ऑक्टेव्हियाने यावर फेलओव्हर थ्रेशोल्ड नावाची कॉन्फिगची सोय दिली: एकाच वेळी मृत दिसणाऱ्या अँफोरांची संख्या ठरवलेल्या आकड्याला पोचली की आपोआप होणारे फेलओव्हर थांबवायचे. मूळ कॉन्फिगमध्ये हा आकडा दिलेला नसतो. तो आपण ठरवायचा. माझा हिशोब असा: सर्वांत भरलेल्या होस्टवर जितके अँफोरा असू शकतात त्यापेक्षा थोडा जास्त. एक होस्ट पडणं खरं असतं. एकाच मिनिटात सगळ्या होस्टवरचे अँफोरा मेले, तर बहुधा आपल्याच डोळ्यांना काहीतरी झालंय.

किंमत

५०० लोड बॅलन्सर, प्रत्येकी दोन अँफोरा, म्हणजे १,००० व्हीएम आणि सुमारे १ टीबी मेमरी. क्लाउडवर कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी यंत्रणा) चालवणारे टेनंट आले की हा आकडा भराभर वाढतो, कारण तिथे लोड बॅलन्सर प्रकारची प्रत्येक सर्व्हिस वेगळा लोड बॅलन्सर मागते. वीस सर्व्हिस लिहिणाऱ्या डेव्हलपरला आपण चाळीस व्हीएम उभ्या केल्या हे कळतही नाही. कोटा सुरुवातीलाच लावलेला बरा.

एवढी मोठी व्हीएम लागतेच का, हा प्रश्न रास्त आहे. २०१४ मध्ये क्लिकओएस या संशोधन प्रकल्पाने झेन या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर सुमारे ५ एमबीची, ३० मिलिसेकंदांत बूट होणारी नेटवर्क सेवेची व्हीएम दाखवली होती. पण त्यासाठी खास बारीक ऑपरेटिंग सिस्टिम हवी. ऑक्टेव्हियाने नेहमीचं लिनक्स आणि नेहमीचा एचएप्रॉक्सी ठेवला, जो हजारो लोकांना दुरुस्त करता येतो. बूटचा वेळ वाचवायला आधी तयार अँफोरांचा राखीव साठा ठेवायची सोय होती. पण सर्व्हर ग्रुपचं सदस्यत्व व्हीएम जन्मताना ठरतं, त्यामुळे साठ्यातल्या व्हीएमना अँटी-अफिनिटी लावता येईना. पुढे ती सोय काढून टाकली. ड्रीमहोस्ट या होस्टिंग कंपनीने तर अकांडा, पुढे अस्तारा या नावाने राउटरसुद्धा व्हीएममध्ये नेले होते. तो प्रकल्प टिकला नाही आणि मला त्याचं नवल वाटत नाही: राउटरच्या कामात पार्स करायला परका मजकूर नसतो, मग एवढी भिंत कशासाठी?

हेच माप लावून आज ओव्हीएन या व्हर्च्युअल नेटवर्कच्या सॉफ्टवेअरचा पर्याय तपासावा. त्यात व्हीएम नाही, प्रत्येक होस्टवरच्या व्हर्च्युअल स्विचमध्येच टीसीपी-यूडीपीच्या पातळीवर वाटणी होते. टीएलएस उघडता येत नाही, यूआरएल बघून वाटता येत नाही. पण मजकूर वाचायचाच नसेल तर धोकाही नाही आणि खर्चही जवळजवळ नाही. एकाच क्लाउडमध्ये दोन्ही प्रोव्हायडर ठेवता येतात. कुबरनेटिसच्या बहुतेक सर्व्हिस ओव्हीएनकडे आणि टीएलएस लागणाऱ्या मोजक्या अँफोराकडे, ही वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

मुदत संपते तेव्हा

अँफोरांची प्रमाणपत्रं मूळ कॉन्फिगमध्ये ३० दिवसांची असतात. हाउसकीपिंग नावाची प्रोसेस मुदतीच्या दोन आठवडे आधीपासून ती आपणहून बदलत राहते. कंट्रोलरचं प्रमाणपत्र आणि दोन्ही सीए यांना मात्र कुणी हात लावत नाही. त्यांची मुदत क्लाउड उभारताना कुणीतरी ठरवलेली असते आणि तो माणूस बरेचदा तोवर दुसरीकडे गेलेला असतो.

कंट्रोलरचं प्रमाणपत्र संपलं की पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. एचएप्रॉक्सी चालू, टेनंटांची रहदारी चालू. हार्टबीटही येत राहतात, कारण त्यांना प्रमाणपत्र लागत नाही, एचमॅकची किल्ली लागते. हेल्थ मॅनेजरच्या मते सगळं आलबेल. मग एखादा टेनंट आपल्या पूलमध्ये (बॅकएंड सर्व्हरांच्या गटात) नवा सर्व्हर जोडतो. वर्कर ९४४३ वर जातो, अँफोरा त्याला दारातूनच परत पाठवतो, आणि लोड बॅलन्सर ‘बदल प्रलंबित’ अवस्थेत अडकून शेवटी ‘एरर’मध्ये जातो.

नुसतं कंट्रोलरचं प्रमाणपत्र संपलं असेल तर त्याच सीएकडून नवं काढून ऑक्टेव्हियाच्या सेवा पुन्हा सुरू केल्या की झालं. पण कंट्रोलरला सही देणारा सीए स्वतःच संपला असेल, तर त्याची जुनी प्रत प्रत्येक अँफोराच्या पोटात आहे, आणि ती बदलायला ज्या दाराने आत जायचं ते दार तीच प्रत राखते. बाहेरून उपाय उरत नाही. नवा सीए लावायचा आणि क्लाउडमधला प्रत्येक लोड बॅलन्सर एकेक करून हाताने फेलओव्हर करायचा, थोडे-थोडे, नोव्हाला झेपेल एवढे. एकच अँफोरा असलेल्या टेनंटांना आधी कळवून, त्यांच्या सोयीची वेळ घेऊन. म्हणून हार्टबीट हिरवे दिसतात यावर न विसंबता या तीन प्रमाणपत्रांच्या मुदतीवर मॉनिटरिंगमध्ये वेगळा अलार्म लावावा, आणि तो मुदतीच्या आठवडाभर आधी नको, काही महिने आधी वाजायला हवा.